जुना रंधा पारखताना

चंद्रपूरच्या परकोटाच्या आत, पठाणपुऱ्याकडे किंवा बिनबा दरवाजाकडे, जुन्या घरांची काही सागवानी दारे अजून जागेवर आहेत. संध्याकाळी ऊन तिरपे झाले की अशा एखाद्या दाराच्या फळीवर नजर आडवी टाकून पाहावी. समोरून सपाट वाटणाऱ्या फळीवर लांबट, उथळ पट्टे उमटलेले दिसतात. दीड-दोन इंच रुंद, एकमेकांना लागून. हाताने चालवलेल्या रंध्याच्या त्या खुणा. दाराच्या मागल्या बाजूला, जिकडे कुणी पाहत नाही तिकडे, शिंपल्यासारखे खोलगट खड्डे सापडले तर ते वासल्याचे. यंत्राने रंधलेल्या लाकडावर असे काही नसते. तिथे आडव्या, सारख्या अंतरावरच्या बारीक लाटा असतात, कारण यंत्राचे पाते गोल फिरत टोचे मारते. हाताचा रंधा लाकडाचा पापुद्रा सलग सोलून काढतो. सोललेल्या पृष्ठभागाला पॉलिश न करताही एक चमक असते, आणि ती सँडपेपरने येत नाही.

ही चमक एकदा पाहिलेली माणसे मला विचारतात, पहिला रंधा कोणता घ्यावा? कुणी आयटीआयमधून नुकता बाहेर पडलेला असतो, कुणी शाळेत शिक्षक असतो, कुणी कोळसा खाणीतून निवृत्त होऊन नातवासाठी तान्ह्या पोळ्याचा लाकडी नंदी घडवू पाहत असतो. चांगला नवा रंधा अशांच्या खिशाला जड जातो आणि अगदी स्वस्तातला नवा रंधा बहुधा निराश करतो. त्याचा तळ वाकडा असतो, पाते मऊ असते, आणि शिकणाऱ्याला वाटते की आपल्याच हातात कला नाही. म्हणून मी सांगतो, जुना घ्या. मात्र जुन्या रंध्याची कोणती खोड घरी दुरुस्त होते आणि कोणती कधीच होत नाही, हे आधी समजून घ्या. सगळी पारख त्यातच आहे.

चंद्रपूर आणि गडचिरोली ह्या दोन जिल्ह्यांत लाकडाची ओळख वेगळी करून द्यावी लागत नाही. २६ ऑगस्ट १९८२ रोजी गडचिरोली वेगळा होईपर्यंत हा एकच जिल्हा होता आणि सागाच्या बाबतीत तो अजूनही एकच आहे. आलापल्लीकडचा साग बल्लारशाच्या डेपोत येतो आणि तिथल्या लिलावातून देशभर जातो. व्यापारी त्याला अजून ‘सी.पी. टीक’ म्हणतात, मध्य प्रांताच्या जुन्या नावावरून. अयोध्येच्या राममंदिराच्या दारांसाठीच्या सागाची पहिली खेप २९ मार्च २०२३ रोजी बल्लारशाहूनच निघाली. आलापल्लीजवळचे ‘वनवैभव’ हे राखून ठेवलेले जुने जंगल २०१४ मध्ये महाराष्ट्रातले पहिले जैवविविधता वारसा स्थळ ठरले.

ह्या सागाचा एक गुण रंधा घेणाऱ्याने ध्यानात ठेवावा. सागाच्या पेशींत सिलिकाचे, म्हणजे वाळूच्याच घटकाचे, अतिसूक्ष्म कण असतात. लाकूड मऊ लागते, रंधा सरसर चालतो, आणि थोड्याच वेळात पाते बोथट झालेले असते. आपल्याकडची दुसरी लाकडे वेगळी परीक्षा घेतात. बिजा आणि ऐन ह्यांच्या रेषा एकमेकींत गुंतलेल्या असतात. एका पट्ट्यात रंधा लोण्यासारखा जातो, शेजारच्या पट्ट्यात लाकूड उचकटते. बैलगाडीच्या चाकाला लागणारी बाभूळ आणि तिवस ही टणक लाकडे हलका रंधा उडवून लावतात. शिवण तेवढी गरीब स्वभावाची. शिकणाऱ्याने सुरुवात तिच्यावर करावी. थोडक्यात, इथल्या लाकडासाठी रंध्याला वजन हवे, पाते धार धरणारे हवे आणि ते पाते वारंवार काढून लावायला सोपे हवे.

असे रंधे आज सापडतात, कारण ते घरोघरच्या माळ्यावर जाऊन पडले आहेत. फर्निचरचे काम प्लायवूड आणि सनमायकावर गेले, त्याला रंधा फारसा लागत नाही. जिथे लागतो तिथे विजेवरचा रंधा आला. १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत सुतारकाम हा १८ व्यवसायांपैकी एक आहे आणि अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंतची मदत मिळते. पिढीजात वाढईने, म्हणजे सुताराने, तिचा लाभ जरूर घ्यावा. हौशी माणूस त्यात बसत नाही. त्याने मग शोधायचे कुठे? बंद पडलेली सुतारशाळा, हात थकलेल्या वाढईचे घर, भंगाराचे दुकान, आठवडी बाजारातला जुन्या लोखंडाचा पथारीवाला. शासकीय संस्थांतली जुनी अवजारे निर्लेखन होऊन लिलावात निघतात, तिथेही ढिगात रंधे असतात. रंध्यावर एखाद्या संस्थेचा किंवा कारखान्याचा शिक्का ठोकलेला असेल तर तो आपल्यापर्यंत कसा आला ते विचारावे आणि पावती मागावी.

आता प्रकार. ‘रंधा’ हा शब्द फारसी ‘रंदा’वरून आला. वासल्याचा पूर्वज ‘वासी’ आणि करवतीचा पूर्वज ‘करपत्र’ हे मात्र संस्कृतातले आहेत. अवजार म्हणून रंधा रोमनांनाही ठाऊक होता. इसवी सन ७९ मध्ये राखेखाली गाडल्या गेलेल्या पॉम्पेईत रंध्यांचे अवशेष मिळाले. शतकानुशतके त्याची घडण फारशी बदलली नाही. लाकडी ठोकळा, त्यात तिरपी खाच, खाचेत पाते, पात्यावर पाचर. पाते थोडे पुढे घ्यायचे तर मागून हातोडीने ठोकायचे, मागे घ्यायचे तर ठोकळ्याच्या टोकावर ठोकायचे. आपल्याकडचे लाकडी रंधे असेच आहेत आणि जाणत्या हातात ते उत्तम चालतात.

मोठा बदल अमेरिकेत लेनर्ड बेली ह्या कारागिराने केला. पाते मागे-पुढे करायला त्याने पितळी चाक बसवले आणि पाचरीच्या जागी एका खटक्याने आवळणारी लोखंडी टोपी आणली. १८६९ मध्ये स्टॅनली कंपनीने त्याचे हक्क विकत घेतले. पुढे इंग्लंडमध्ये शेफील्डच्या रेकॉर्डने तीच घडण उचलली, आणि अनंत, ग्रोझ ह्या भारतीय नावांचे रंधेही त्याच घडणीचे आहेत. त्यामुळे बाजारात मिळणारा जवळजवळ प्रत्येक लोखंडी रंधा उलगडायची रीत एकच. एक शिकलात की सगळे आले.

लांबीनुसार त्यांना नंबर असतात. ४ नंबरचा साधारण साडेनऊ इंच, शेवटचा हात फिरवायला. ५ नंबरचा १४ इंच, सर्व कामांचा, त्यालाच जॅक म्हणतात. ७ नंबरचा २२ इंच, दोन फळ्यांच्या कडा जुळवायला. रंधा जितका लांब तितके लाकूड सरळ होते, कारण लांब तळ खड्ड्यात उतरत नाही, उंचवट्यांवरून जातो आणि तेच छिलतो. आखूड रंधा लाकडाच्या चढउतारांवरून वरखाली होत राहतो. माझे स्पष्ट मत आहे की नवशिक्याने पहिला रंधा ५ नंबरचा घ्यावा. पुस्तके बहुधा ४ नंबर सुचवतात, ती ज्यांना कारखान्यातून रंधून आलेली फळी मिळते त्यांच्यासाठी. आपल्या हाती येते ती करवत गिरणीतली खरबरीत फळी किंवा पाडलेल्या घरातला वासा. ते आधी सरळ करावे लागते आणि त्याला लांबी हवी. ५ नंबरचे वजन दोन किलोच्या वर जाते. शिवाय ४ आणि ५ ह्या दोन्ही नंबरांना सहसा दोन इंच रुंदीचेच पाते लागते, म्हणजे पुढे ४ नंबर घेतलात तर पाती अदलाबदल करता येतात.

खरेदीला जाताना खिशात एक स्टीलची पट्टी, एक स्क्रूड्रायव्हर, छोटी कानस, खडू आणि टॉर्च ठेवा. ब्रह्मपुरीकडच्या एका म्हाताऱ्या वाढईने मला पहिल्यांदा सांगितले होते, “भाऊ, आधी पातं काढून पाहा, मंग पैशाचं बोला.” दुकानदार नाराज झाला तरी चालेल. जो रंधा उलगडू देत नाही त्याच्याकडून घेऊ नये.

वरची टोपी उचलली की पाते हाती येते आणि त्याला स्क्रूने जोडलेली दुसरी पट्टी, कॅप आयर्न, दिसते. आधी पात्याची शिल्लक मोजा. धारेपासून पात्याच्या मधल्या लांब खाचेपर्यंत किमान एक इंच पोलाद उरलेले असावे. वर्षानुवर्षे घासून ते अर्धा इंचावर आले असेल तर पात्याचे आयुष्य संपत आले आहे असे समजा आणि नव्या पात्याची किंमत सौद्यातून वजा करा. मग रंग पाहा. धारेजवळ निळी-जांभळी झाक असेल तर कुणीतरी ते ग्राइंडरवर तापवले आहे. पोलाद तापून निळे झाले की त्याचे पाणी उतरते. ते मऊ होते आणि सागाच्या सिलिकापुढे दोन मिनिटे टिकत नाही. निळा भाग थोडाच असेल तर तेवढा घासून काढता येतो, खोलवर असेल तर पाते गेले. कानस हलकेच फिरवून पाहा. कडक पोलादावरून कानस घसरते, मऊ पोलादात रुतते.

पात्याची सपाट पाठ नीट पाहा. वरवरचा तांबूस गंज निघतो. गंजाने धारेजवळच्या पाठीवर खड्डे पाडले असतील तर मात्र धार त्या खड्ड्यापाशी तुटकच राहणार, कारण धार म्हणजे दोन पृष्ठभाग जिथे मिळतात ती रेघ, आणि त्यातला एक पृष्ठभाग फुटका आहे.

कॅप आयर्नकडे बहुतेक लोक पाहतही नाहीत. तिचे काम समजून घेण्यासारखे आहे. सरपण फोडताना कुऱ्हाडीचे पाते पूर्ण आत जायच्या आधीच लाकूड पुढे पुढे उकलत जाते. रंध्याचे पाते उलट्या रेषेला गेले की हेच लहान प्रमाणात घडते. वर उचललेला पापुद्रा तरफेसारखा पुढचे लाकूड उचकटून काढतो आणि पृष्ठभागावर खळगे पडतात. कॅप आयर्न त्या पापुद्र्याला धारेच्या अगदी मागे गाठून तिथेच वाकवते, म्हणजे त्याचा जोर मोडतो. जपानमधल्या यामागाता विद्यापीठाच्या कावाई आणि काटो ह्या प्राध्यापकांनी सूक्ष्मदर्शकातून चित्रण करून हे दाखवले आहे. ती धारेपासून साधारण एक मिलिमीटर मागे असेल तर रोजच्या कामाला पुरते. बिजा किंवा ऐनासारख्या गुंतलेल्या रेषांना ती पाव मिलिमीटरपर्यंत पुढे आणावी लागते. त्यासाठी तिची कड पात्याच्या पाठीवर पूर्ण टेकली पाहिजे. दोन्ही आवळून उजेडाकडे धरा. फट दिसली तर पापुद्रा त्या फटीत घुसून रंधा तुंबेल. ही फट घरी दगडावर घासून मिटवता येते, म्हणून तेवढ्यासाठी सौदा मोडू नका. कॅप आयर्न हरवलेलीच असेल तर मात्र मोडा.

आता लोखंडाचा सांगाडा. तो ओतीव असतो, आणि ओतीव लोखंड वाकत नाही, तडकते. माझा पहिला रंधा मी एका बाजारात निळ्याभोर ताज्या रंगाला भुलून घेतला होता. पंधरा दिवसांत तोंडाच्या, म्हणजे पाते जिथून बाहेर येते त्या फटीच्या, कोपऱ्यातून बाजूच्या भिंतीवर चढलेला तडा त्या रंगाखालून उघडा पडला. तेव्हापासून नवा रंग दिसला की मी दुप्पट सावध होतो. गंजलेला रंधा आपली अवस्था उघड सांगतो, रंगवलेला सांगत नाही. तडा शोधायला रंधा मोकळा करून दोन बोटांवर तोलून धरा आणि स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने हलकेच वाजवा. अखंड लोखंड खणकते, तडकलेले बद्द बोलते. शंका असेल तर कारखान्यातली जुनी युक्ती वापरा. संशयाच्या जागी रॉकेल किंवा डिझेल पुसा, फडक्याने कोरडे करा आणि वर खडू घासा. तडा असेल तर आत मुरलेले तेल थोड्या वेळाने खडूवर ओली रेघ काढते. तोंडाचे दोन्ही कोपरे, पातळ बाजू आणि टोपी जिथे अडकते त्या जागा अशा तपासा. तडकलेला किंवा पितळ ओतून सांधलेला रंधा घेऊ नका. सांधताना लागलेल्या उष्णतेने त्याचा तळ पिळलेला असू शकतो.

तळ तपासायला स्टीलची पट्टी उभ्या कडेने तळावर ठेवा आणि मागून टॉर्च धरा. तीन जागा महत्त्वाच्या आहेत: पुढचे टोक, तोंडाच्या लगेच पुढची पट्टी आणि मागचे टोक. ह्या तिन्ही एका पातळीत असल्या तर मधे थोडा खोलगटपणा चालतो. तोंडापुढची जागा झिजून खाली बसलेली असेल तर त्रास होतो, कारण पाते लाकडात शिरायच्या क्षणी लाकूड दाबून धरणारे काहीच उरत नाही. ५ नंबरच्या तळाखाली फटीत वर्तमानपत्राच्या कागदाची पट्टी घट्ट जात असेल तर घाबरू नका, तेवढे घरी निघते. पोस्टकार्ड सहज सरकत असेल तर ठेवून द्या.

पुढे फ्रॉग, म्हणजे पाते ज्या उतारावर बसते ती बैठक. तिचा उतार ४५ अंशांचा असतो. दोन्ही स्क्रू जागेवर असावेत आणि आवळल्यावर ती हलू नये. पितळी चाक फिरवून पाहा. त्याचे आटे उलटे असतात, हे माहीत नसल्यामुळे अनेकांनी ती चाके जोर लावून बिघडवली आहेत. अर्धा-एक वेढा मोकळा फिरणे स्वाभाविक आहे. गंजून जाम झाले असेल तर तेल सोडून रात्रभर ठेवले की बहुधा सुटते. पण त्या चाकातून पात्यापर्यंत जोर नेणारा दुबेळक्याचा आकडा तुटलेला असेल तर तो मिळणे कठीण.

स्क्रूंबद्दल खास सांगतो. बेली घडणीच्या जुन्या परदेशी रंध्यांचे आटे आपल्या हार्डवेअरच्या दुकानातल्या मेट्रिक स्क्रूंना जुळत नाहीत. “एक स्क्रू नाही, तो काय कुठेही मिळेल,” असे दुकानदार म्हणेल. मिळत नाही. लेथवर बनवून घ्यायचा तर पुष्कळदा रंध्यापेक्षा महाग पडतो. एकही स्क्रू कमी असेल तर तो रंधा सुट्या भागांच्या भावानेच घ्या. मुठीचे उलटे आहे. मूठ तुटली असेल तर आनंदाने घ्या, त्या कारणाने भाव पाडून मागा, आणि शिसवाच्या तुकड्यातून नवी मूठ स्वतः घडवा. रंधा दुरुस्त करता करताच सुतारकामाचा पहिला धडा होऊन जातो.

लाकडी रंधा स्वस्त मिळतो आणि हाताला हलका लागतो, तरी तो पहिला म्हणून मी सुचवत नाही. पाते हातोडीच्या टिचक्यांनी बसवायचे कसब यायला वेळ लागतो. तरी एखादा चांगला समोर आला तर पाचर जिथे दाबून बसते त्या दोन्ही गालांवर चीर आहे का ते पाहा, भुंग्याची भोके पाहा, आणि पात्यात पोलाद किती उरले ते पाहा. जुन्या घडीव पात्यांत मऊ लोखंडावर पुढच्या भागात तेवढी पोलादाची पातळ पट्टी तापवून जोडलेली असते. चमकत्या कडेवर दोन रंगांची रेघ दिसते. ती पट्टी संपली की पाते संपले. अशा वेळी लोहाराकडे जा. ट्रकच्या कमानीच्या पाट्याचे पोलाद धार चांगली धरते, आणि हातात कसब असलेला लोहार त्यातून रंध्याचे पाते ठोकून, तेलात पाणी देऊन बनवतो. रुंद झालेले तोंड कठीण लाकडाचा तुकडा जडवून पुन्हा अरुंद करता येते.

आपल्या हवेने मात्र लाकडी रंध्याची कसोटी लागते. मे महिन्यात चंद्रपूरचा पारा ४७ अंशांवर जातो, तेव्हा ठोकळा आकसतो, पाचर ढिली पडते, कडांना चिरा जातात. जुलैत तोच ठोकळा फुगतो आणि पाते आत आवळून बसते. म्हणून काम संपले की पाचर सैल करून ठेवायची आणि वर्षातून एकदा जवसाचे तेल पाजायचे. हे तेल हवेत वाळून लाकडात घट्ट बसते. नेमक्या त्याच कारणाने ते लोखंडी रंध्याला लावू नये. तिथे त्याचा चिकट थर होतो. लोखंडाला शिवणयंत्राचे पातळ तेल बरे. पावसाळ्यात लोखंडी रंधा तेलाच्या फडक्यात गुंडाळून ठेवा आणि त्याच्या पोटात भुसा अडकून राहू देऊ नका. ओलसर ऐनाचा किंवा खैराचा भुसा तर मुळीच नको. त्यातले टॅनिन एका रात्रीत लोखंडावर निळे-काळे डाग पाडते.

गंजलेला रंधा घरी आणला की सुटे भाग लिंबूसत्त्वाच्या पाण्यात बुडवा, लिटरभर पाण्याला दोन-तीन चमचे. मधून मधून पाहत राहा आणि गंज सुटला की काढा, दिवसभर विसरू नका. आम्ल लोखंडही खाते. खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुऊन, उन्हात पूर्ण वाळवून लगेच तेल लावा. तळ सपाट करायला स्वयंपाकाच्या ओट्याच्या ग्रॅनाइटचा उरलेला तुकडा घ्या, त्यावर ८० नंबरचा पॉलिशपेपर चिकटवा. पाते आत ओढलेले पण टोपी आवळलेली अशा स्थितीत रंधा त्यावर लांबीने घासा, कारण आवळल्यावर लोखंड किंचित ताणले जाते आणि काम करतानाची खरी स्थिती तीच असते. आधी तळावर मार्करने रेघा ओढून ठेवा. तीन महत्त्वाच्या जागांवरच्या रेघा पुसल्या गेल्या की थांबा.

राहिली धार. खर्चाचा अंदाज करताना पुष्कळ लोक फक्त रंध्याची किंमत धरतात. मी उलट सांगतो, जितके पैसे रंध्याला तितकेच धारेच्या सामानाला बाजूला ठेवा. दोन बाजूंचा कार्बोरंडमचा दगड, त्याहून बारीक एक दगड, आणि लाकडाच्या पट्टीवर चिकटवलेला चामड्याचा तुकडा. पात्याच्या पाठीचा धारेकडचा एक सेंटिमीटर आधी आरशासारखा करा. हे काम आयुष्यात एकदाच करायचे असते. मग उतार. कोन ३० अंशांचा हवा आणि तो मोजायला कोनमापक लागत नाही: उताराची लांबी पात्याच्या जाडीच्या दुप्पट असली की कोन ३० अंशांचा असतो. दोन मिलिमीटर जाडीच्या पात्याला चार मिलिमीटरचा उतार. धारेच्या मागे बोटाला बारीक मुरड लागेपर्यंत घासा, मग पाठ दगडावर सपाट टेकवून ती मुरड काढा आणि शेवटी चामड्यावर ओढा. हातावरचे केस उतरले की पाते तयार. सागावर काम करताना हे दिवसातून अनेकदा करावे लागेल. त्यात तुमची चूक नसते, सागाचा स्वभावच तसा आहे.

किमतीबद्दल माझा नियम साधा आहे. सगळे भाग जागेवर, तडा नाही, पाते एक इंच शिल्लक, अशा रंध्याला त्याच घडणीच्या नव्या भारतीय रंध्याच्या निम्म्यापर्यंत द्यावे. त्याच्या वर जायचे तर पाते बदलून, तळ घासून, चालवून दाखवलेला असावा. नावासाठी जास्त पैसे देऊ नयेत. ‘मेड इन इंग्लंड’ कोरलेला तडकलेला रंधा बिनतडकलेल्या देशी रंध्यापुढे काहीच नाही. देशी रंध्यांत ओतकाम ओबडधोबड असते आणि पाते कधी मऊ निघते, पण सांगाडा जाड आणि वजनदार असतो. त्यात चांगले पाते घातले, फ्रॉगची बैठक कानशीने साफ केली, की तो नावाजलेल्या रंध्याच्या बरोबरीने सागाचा अखंड पापुद्रा काढतो.

सरावासाठी जंगलातून ओंडका आणू नका. तो गुन्हा आहे, आणि ओले लाकूड रंधायला वाईटही असते. फर्निचरवाल्याकडचे सागाचे तुकडे घ्या, किंवा पाडलेल्या घराचे लाकूड पावतीसह घ्या. जुन्या वाशावर रंधा टेकवण्याआधी त्यावरून लोहचुंबक फिरवा. आत मोडून राहिलेला एकच खिळा तासाभराची धार एका फटक्यात घालवतो. तळाला मेणबत्तीची एक रेघ ओढा, रंधा निम्म्या जोरात चालेल. पाते इतके कमी बाहेर काढा की पहिल्या फेरीत काहीच निघणार नाही, मग पितळी चाक थोडे थोडे फिरवत जा.

आणि ज्यांच्या घरात वडिलांचा, आजोबांचा रंधा माळ्यावर पडला आहे त्यांना एक विनंती. तो दिवाळीच्या साफसफाईत किलोच्या भावाने भंगारात घालू नका. दोन किलो ओतीव लोखंडाचे जे चार पैसे येतील त्यांनी तुमचे काही साधत नाही. आपल्या गावात, मूलला, चामोर्शीला, वडशाला, कुणीतरी मुलगा किंवा मुलगी नक्की हे काम शिकत असेल. चौकशी करा आणि तो रंधा त्याच्या हाती द्या. पाते काढून, तेल लावून, सगळ्या स्क्रूंसह.